स्लिम कॅमेरा घ्यावा की वॉटरप्रूफ? बॉक्सवर ठळक न लिहिलेल्या काही गोष्टी

सध्या इन्स्टाग्रामवर एक गंमत चालू आहे. हातात भारीतला भारी फोन असलेली मुलंमुली घरातल्या कपाटात पडलेला आईबाबांचा जुना डिजिटल कॅमेरा शोधून काढतायत, त्याला नवी बॅटरी घालतायत आणि लग्नाच्या हळदीत, कॉलेजच्या डेजना तोच घेऊन फिरतायत. तो कडक फ्लॅश, ते थोडे धुरकट रंग, सगळ्यांना पुन्हा आवडायला लागलंय. कंपन्यांच्याही हे लक्षात आलंय. कॅननने तर २०१६ साली आलेलं आपलं एक छोटं मॉडेल किरकोळ बदल करून २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणलं.

मग कपाटात कॅमेरा नाही म्हणून नवा घ्यायला निघालेल्या माणसासमोर हमखास दोन प्रकार येतात. एक, जीन्सच्या खिशात सहज मावणारा चपटा, देखणा कॅमेरा. दुसरा, जाडजूड, रबराच्या कडा असलेला, पाण्यात बुडवा, हातातून पाडा, काही होणार नाही असं सांगणारा. आपल्याकडे पाऊस चार महिने, त्यात ट्रेक, मग कोकण आणि गोवा. त्यामुळे बऱ्याच जणांचं मन दुसऱ्याकडे ओढ घेतं. घ्यायला हरकत नाही, पण ‘वॉटरप्रूफ’ या एका शब्दावर भरवसा ठेवून हजारो रुपये आणि अख्ख्या ट्रिपचे फोटो पणाला लावण्याआधी तो शब्द नेमकं काय सांगतो हे बघायला हवं.

आधी एक गैरसमज. जाड कॅमेऱ्यात काहीतरी मोठं, दमदार आत असणार असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारांत फोटो टिपणारा सेन्सर बहुतेक वेळा एकाच मापाचा असतो, १/२.३ इंच म्हणून ओळखला जाणारा. हा ‘इंच’ निव्वळ नावापुरता आहे, खरं माप साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून लहान. आजच्या महागड्या फोनमधला मुख्य सेन्सर यापेक्षा मोठा असतो. तेव्हा भर उन्हात काढलेल्या साध्या फोटोत यातला कुठलाच कॅमेरा चांगल्या फोनला हरवेल अशी आशा ठेवू नका. फोन जिथे कमी पडतो तिथे यांचा उपयोग. स्लिम कॅमेऱ्याकडे खराखुरा झूम आणि खराखुरा फ्लॅश आहे. दणकट कॅमेऱ्याकडे पाणी, चिखल आणि धक्के सोसायची ताकद आहे.

फरक लेन्समध्ये आहे. कॅननचं ते पुन्हा आलेलं मॉडेल जेमतेम २३ मिलिमीटर जाड, वजन दीडशे ग्रॅमच्या आत, आणि झूम तब्बल १२ पट. स्टेजपासून लांब बसून पुतणीचा डान्स टिपायचा तर हा झूम कामाचा आहे. किंमत मोजावी लागते ती उजेडात. झूम न करताही त्याचं छिद्र एफ/३.६, पूर्ण झूमला एफ/७.० पर्यंत बारीक होतं. याउलट दणकट कॅमेऱ्यांमधला सर्वांत नावाजलेला, ऑलिंपसचा वारसा चालवणाऱ्या ओएम सिस्टीमचा टीजी-७ घ्या. झूम फक्त चार पट, पण छिद्र एफ/२.० पासून सुरू. म्हणजे झूम न करता तो तिप्पटीहून जास्त उजेड आत घेतो. संध्याकाळी, जंगलात, पाण्याखाली याचा फरक कळतो. शिवाय तो लेन्सपासून एक सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस करतो. कासच्या पठारावरची नखाएवढी फुलं किंवा पानावरचा मुंगळा टिपणाऱ्यांमध्ये हा कॅमेरा लोकप्रिय आहे तो यामुळे. त्यातल्या कितीजणांनी तो कधी पाण्यात घातला असेल, देव जाणे.

आता चपटेपणा येतो कुठून? २००२ साली कॅसिओने फक्त ११.३ मिलिमीटर जाडीचा एक्झिलिम काढला. खिशात क्रेडिट कार्ड ठेवल्यासारखा, पण त्याला झूमच नव्हता. त्याच वर्षी मिनोल्टाने डिमाज एक्समध्ये वेगळी युक्ती केली. समोरून आलेला उजेड प्रिझमने काटकोनात वळवून खाली पाठवला आणि झूमची सगळी भिंगं कॅमेऱ्याच्या आत उभी बसवली. लेन्स बाहेर यायलाच नको. पुढच्या वर्षी पेंटॅक्सच्या ऑप्टिओ एसने तिसराच मार्ग काढला. कॅमेरा बंद केला की मधली भिंगं बाजूला सरकायची आणि बाकीची एकमेकांत बसायची. हा कॅमेरा मिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत मावतो म्हणून तेव्हा गाजला होता.

यातली मिनोल्टाची युक्ती दणकट कॅमेऱ्यांच्या पथ्यावर पडली. लेन्स आत-बाहेर होत असेल तर तिच्या भोवतीच्या फटीतून पाणी आणि वाळू शिरणारच. लेन्स आतच राहिली तर पुढे एक पक्की काच लावून सगळं बंद करता येतं. आजही दणकट कॅमेरा चालू केला की लेन्स बाहेर येत नाही, ते याच कारणाने. आणि तुमच्या फोनमधला ‘पेरिस्कोप झूम’ हाही त्याच कल्पनेचा नातू.

स्लिम कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाणी आहे असं वाटतं, पण माझ्या मते तो वाळू आहे. पाऊस आला तर माणूस कॅमेरा पिशवीत टाकतो. बीचवर मात्र तो खुशाल टॉवेलवर ठेवतो. नळीसारखी बाहेर येणारी लेन्स आणि तिच्या फटीत अडकलेला एक कण, एवढं पुरतं. लेन्स अर्ध्यात अडकते, स्क्रीनवर लेन्स एररचा मेसेज येतो आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस कॅमेरा ड्रॉवरमध्ये टाकून देतो.

१५ मीटर म्हणजे नक्की काय?

टीजी-७ वर १५ मीटर लिहिलेलं असतं. पाण्यात दर १० मीटर खोलीला वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो. या कॅमेऱ्याची पाठ अंदाजे ७५ चौरस सेंटिमीटर. तेव्हा १० मीटरवर तिच्यावर सुमारे ७५ किलोचा भार असतो, जणू एक धडधाकट माणूस त्यावर उभा आहे. हा भार पेलायचा आणि आत पाणी येऊ द्यायचं नाही, हे काम बॅटरी आणि चार्जिंगच्या झाकणांना लावलेली बारीक रबरी पट्टी करते. अख्खा वॉटरप्रूफपणा त्या पट्टीवर उभा आहे. तिच्यावर एक केस, एक वाळूचा कण, टॉवेलचा एक धागा राहिला, तर खोलीचा आकडा कितीही असो, पाणी आत येतं.

म्हणून झाकण नेहमी कोरड्या जागी, कोरड्या हातांनी उघडायचं. बॅटरी आणि कार्डचं काय ते हॉटेलच्या खोलीतच आटपून घ्यायचं. होडीत बसून, केसांतून पाणी टपकत असताना कार्ड बदलणं हा कॅमेरा मारायचा सर्वांत सोपा मार्ग आहे. समुद्रातून आल्यावर कॅमेरा बंद झाकणांनिशी गोड्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायचा, नाहीतर मीठ सुकून खडे होतात आणि तेच पट्टीला कापतात. साबण लावायचा नाही. ही पट्टी दरवर्षी बदलून घ्या असं कंपन्या सांगतात. ते आपण क्वचितच करतो, पण निदान खोल पाण्यात न्यायच्या आधी तरी करावं.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पाण्यात बुडवण्याची चाचणी आणि पाण्याच्या माऱ्याची चाचणी या वेगळ्या आहेत. आयपी रेटिंगमध्ये ७ आणि ८ हे आकडे बुडवण्याचे, ५ आणि ६ हे फवाऱ्याचे. बुडवण्याची चाचणी पास झालेला कॅमेरा फवाऱ्याची आपोआप पास होत नाही. देवकुंडसारख्या धबधब्याच्या थेट धारेखाली कॅमेरा धरून सेल्फी काढणं हे शांत पाण्यात बुडवण्यापेक्षा वेगळं प्रकरण आहे. तसंच कॅमेरा हातात धरून उंचावरून पाण्यात उडी मारू नका, त्या आपटण्याने क्षणभर दाब खूप वाढतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडात तर अजिबात नेऊ नका. गरम पाण्यात वापरू नका हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, फक्त तिथवर कोणी वाचत नाही.

पडण्याच्या आकड्याचंही असंच. टीजी-७ साठी तो २.१ मीटर आहे. अशा चाचण्यांमध्ये कॅमेरा सहसा जाड प्लायवुडवर पाडतात. सह्याद्रीचा काळा दगड प्लायवुड नसतो. कॅमेरा बहुधा वाचेल, स्क्रीनची खात्री देता येत नाही.

मालवण-तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांसाठी एक सूचना. पाण्याखाली पाच-सहा मीटरवर लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो, सगळं हिरवट-निळं दिसतं. दणकट कॅमेऱ्यात यासाठी पाण्याखालचा वेगळा मोड असतो, तो चालू करा. फ्लॅश मात्र जपून. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळ असतो, फ्लॅश मारला की तरंगणारे सगळे कण चमकतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. माशाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, झूम वापरू नका.

इथे कोणी म्हणेल, माझा फोनही आयपी६८ आहे की. आहे, पण पाण्यात टचस्क्रीन बोटाला दाद देत नाही, ती चाचणी गोड्या पाण्यात केलेली असते, आणि पाणी शिरलं तर बहुतेक कंपन्यांची वॉरंटी हात वर करते. फोन गेला तर बँक, तिकिटं, घरच्यांचे नंबर सगळंच जातं. वेगळा कॅमेरा नेण्याचं माझ्या दृष्टीने हे सर्वांत पटणारं कारण आहे. पाण्यातले फक्त व्हिडिओ हवे असतील तर अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा विचार करा. गोप्रोचे मुख्य मॉडेल बऱ्याच वर्षांपासून वेगळी केस न लावता १० मीटरपर्यंत चालतात.

सेकंड हँड घेत असाल तर

स्लिम कॅमेरा जुना घेणं ठीक आहे, फक्त तीन-चार गोष्टी बघा. लेन्स आवाज न करता बाहेर येते का. टॉर्चच्या उजेडात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतं का, ती बुरशी असते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास धरते. बॅटरी फुगलेली नाही ना. आणि कार्ड कुठलं लागतं. जुन्या ऑलिंपस आणि फुजीला एक्सडी कार्ड लागायचं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. ही कार्डं आता शोधत फिरावी लागतात. साधं एसडी कार्ड घेणारे २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे २ जीबीच्या पुढचं कार्ड ओळखतच नाहीत.

जुना वॉटरप्रूफ कॅमेरा मात्र जुना कॅमेरा म्हणूनच घ्या, वॉटरप्रूफ म्हणून नव्हे. रबर वापरलं नाही तरी वयाने कडक होतं. दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यावरचा १० मीटरचा आकडा तो कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा होता. विकणारा ‘आम्ही गोव्याला वापरलाय’ म्हणाला तर ती जमेची बाजू समजू नका, त्याने मग गोड्या पाण्यात धुतला होता का ते विचारा. असा कॅमेरा पावसात, होळीच्या रंगात, वारीच्या चिखलात बिनधास्त वापरा. पाण्याखाली नेऊ नका.

दोन्ही गुण एकत्र मिळणारच नाहीत का? सोनीने २०१० मध्ये टीएक्स५ नावाचा दोन सेंटिमीटरहून पातळ आणि तीन मीटरपर्यंत पाण्यात चालणारा कॅमेरा काढला होता. छान होता. पण फोनने बाजार खाल्ला तसे असे मधल्या वाटेचे कॅमेरे बंद पडत गेले. आता जुन्या बाजारातच मिळतात, आणि त्यांच्या रबराबद्दल वर लिहिलंच आहे.

मग घ्यायचा कुठला? वर्षातले बहुतेक फोटो लग्न, वाढदिवस, मित्रांच्या गप्पा, प्रवासातली जेवणं यांचे असतील, तर स्लिम घ्या. अडीचशे ग्रॅमचा ठोकळा पर्समध्ये नको म्हणून घरी राहतो आणि घरी राहिलेला कॅमेरा फोटो काढत नाही. ट्रेकसाठी एक झिप-लॉक पिशवी आणि थोडी सावधगिरी पुरते. पण महिन्यातून दोनदा डोंगरात जात असाल, पोहत असाल, कयाकिंग करत असाल, किंवा घरात हातात येईल ते फेकणारं तीन वर्षांचं मूल असेल, तर दणकटच घ्या. नवा घेताना भारतातली वॉरंटी आणि पक्कं बिल बघा, आणि झाकणाची रबरी पट्टी इथे बदलून मिळते का हे पैसे देण्याआधी विचारा.

आणि त्याच वेळी एक तरंगणारा पट्टा घ्या, भडक नारिंगी किंवा पिवळा. हे कॅमेरे पाण्यात टिकतात, तरंगत नाहीत. मनगटातून सुटला तर तो अगदी सुस्थितीत समुद्राच्या तळाशी जाऊन बसतो.