अंगणातली बिट्टी

आंबवड्यात आमच्या घराच्या कुंपणाला पिवळी कण्हेर आहे. मरहूम अब्बांनी लावलेली. पाणी मागत नाही, शेळ्या तोंड लावत नाहीत, फुले मात्र बारमाही. तिच्या फळातली टणक बी म्हणजे बिट्टी. लहानपणी आम्ही बिट्ट्यांनीच खेळलो. आजही वर्गातल्या मुलांचे खिसे तपासले तर दोन-चार निघतात.

गेल्या पावसाळ्यात पहिलीतला एक मुलगा बिट्टी दगडाने फोडून आतला मगज चघळताना दिसला आणि आमचे हातपाय गार पडले. कडू लागला म्हणून त्याने लगेच थुंकला होता. तरी त्याला भोरला दवाखान्यात नेले. रात्रभर डॉक्टर त्याच्या हृदयाचे ठोके पाहत होते. अल्लाहची मेहेरबानी, पोरगे वाचले.

लाल-पांढरी कण्हेर ही हिची बहीण. फारसीत तिला खरज़हरा म्हणजे गाढवाचे विष म्हणतात, तर संस्कृतात अश्वमारक. एकाने गाढव धरले, दुसऱ्याने घोडा, पण अनुभव एकच! लाल कण्हेरीत ओलिअँड्रिन असते, पिवळीत थेव्हेटिन आणि नेरीफोलिन. हृदयाच्या पेशी सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेतात. तो पंपच ही द्रव्ये बंद पाडतात. मग पेशीत कॅल्शियम साचते, ठोके चुकतात, नाडी मंदावते. सुरुवात मात्र उलट्या आणि पोटदुखीने होते. घरचे अपचन समजून ओवा देतात आणि मोलाचा वेळ जातो. मिठाचे पाणी पाजून ओकायला लावू नये. १०८ ला फोन करावा, झाडाची फांदी सोबत न्यावी.

केरळात मे २०२४ मध्ये त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी कण्हेरीची फुले नैवेद्य-प्रसादातून वगळली. आपल्या घरात धोका वेगळ्या वाटेने येतो. उभ्या झाडाचा कडू पाला बकरा सहसा टाळतो, पण छाटलेला पाला चाऱ्यात मिसळला तर खाऊन जातो; वाळल्याने विष जात नाही. ईदचा बकरा कुंपणाशी बांधण्याआधी हे पाहावे. मिसवाक किंवा कबाबाची काडी म्हणून ही फांदी कधीच घेऊ नये. छाटलेल्या फांद्या चुलीतही घालू नयेत, धूरसुद्धा वाईट.

अब्बांच्या हातचे झाड तोडायला अम्मी तयार नाहीत. म्हणून दर जुम्म्याला आम्ही हिरवी फळे काढून खड्ड्यात पुरतो. वर्गात खेळायला आता चिंचोक्यांचा डबा ठेवला आहे.