टॉर्चवाला नोकिया ११००: काय होतं त्यात आणि आज चालेल का?

जुन्या चार्जरच्या गुंत्यात अजूनही अनेक घरांत एक फोन पडलेला असतो, नोकिया ११००. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फक्त बोलण्यापुरता फोन हवा असला की हमखास त्याची आठवण होते. पण सिम घालण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

नोकियाने हा फोन २००३ साली आणला. भारतासारख्या देशांतला ग्राहक डोळ्यासमोर ठेवून तो बनवला होता. जगभरात २५ कोटींहून अधिक नग खपले. कॅमेरा नाही, रंगीत स्क्रीन नाही, इंटरनेट तर नाहीच. मग एवढा का चालला?

जे दिलं ते कामाचं

डोक्यावर छोटी टॉर्च होती. 'सी' बटण दाबून धरलं की उजेड. लोडशेडिंगच्या दिवसांत याची किंमत वेगळी सांगायला नको. कीपॅडवर अखंड रबरी आवरण असल्याने धूळ आत जात नसे, आणि कडा खरखरीत असल्याने घामेजल्या हातातूनही फोन सटकत नसे. वजन ८६ ग्रॅम.

बॅटरी ८५० एमएएचची. आजच्या ५,००० एमएएचपुढे ती किरकोळ वाटते. पण काळी-पांढरी ९६ बाय ६५ पिक्सेलची स्क्रीन आणि इंटरनेट नसल्याने खर्चही तेवढाच कमी. न बोलता नुसता चालू ठेवला तर ४०० तासांपर्यंत टिकतो, असा कंपनीचा दावा होता.

फोनमध्ये ५० नावं बसत, बाकीची सिमकार्डवर. एका एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावतात, देवनागरीत मात्र जेमतेम ७०. रोमन लिपीतलं मराठी मेसेजमध्ये रुळलं त्याचं हेही एक कारण.

सीमेवरची डोकेदुखी

१ मे २००३ पासून देशात मोबाईलवर येणारे कॉल फुकट झाले, पण ते आपापल्या सर्कलपुरतेच. गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये असल्याने बांद्याहून पेडण्याला गेलं तरी रोमिंग लागत नसे. कागलहून निपाणीला गेलं की मात्र कर्नाटक सर्कल, म्हणजे आलेला कॉल उचलला तरी पैसे कटणार. मिस्ड कॉल देऊन निरोप कळवायची सवय अशा हिशोबात फार उपयोगी पडायची.

हद्दीलगतच्या गावात तर घरबसल्याही फोन शेजारच्या राज्याचा टॉवर पकडू शकतो. त्यावर उपाय ११०० मध्येच होता. सेटिंग्जमध्ये नेटवर्क 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'मॅन्युअल' करायचं आणि आपल्याच सर्कलचं निवडायचं. आपली रेंज गेली की फोन बंद पडल्यासारखा व्हायचा, पण बॅलन्स वाचायचा.

आज चालेल का?

चालेल, पण फक्त टूजीवर. हा फोन ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झचं जीएसएम नेटवर्कच ओळखतो. जिओकडे टूजी नाही, त्यामुळे जिओचं सिम यात निरुपयोगी. दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं तर तुमच्या गावात तिची टूजी रेंज आहे का, ते आधी विचारून घ्या. आताच्या नॅनो सिमला अडॅप्टर लागेल. कॉल आणि बँकेचा ओटीपी येईल, व्हॉट्सॲप नाही.

शेवटची गोष्ट बॅटरीची. यात बीएल-५सी बॅटरी बसते. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ दरम्यान एका पुरवठादाराने बनवलेल्या अशा ४.६ कोटी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात, असा इशारा खुद्द नोकियाने २००७ साली देऊन त्या बदलून दिल्या होत्या. खणातल्या फोनची बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावूच नका. ती कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नवी बॅटरी घालूनच फोन आजीच्या हाती द्या.