फर्नेस धडधडतो, पण जाळीतून नुसती फुंकर?

अमेरिका-कॅनडात थंडीतही ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्यांनो, नवा फर्नेस घेण्याआधी ट्रेलरच्या जमिनीतले गरम हवेचे डक्ट बघा.

जाळी उचला, मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करा आणि मोबाइलसकट हात आत घाला. भुसा, स्क्रू, कुत्र्याचे केस, काहीही सापडतं! मग फर्नेसजवळचा लवचिक पाइप तपासा. ४ इंची पाइपातून हवेला सुमारे १२.५ चौरस इंचांची वाट मिळते. तो चेपला किंवा काटकोनात मुडपला की वाट आवळते. जास्तीची लांबी कापून तो ताणून बसवा. सांधे ॲल्युमिनियम फॉइल टेपने बंद करा. कापडी टेपचा गोंद उष्णतेने सुटतो. शेवटच्या जाळीपुढे डक्ट रिकामाच गेला असेल, तर तिथे पत्र्याचा अडसर लावा. मात्र पाण्याच्या टाक्यांकडे जाणारी शाखा बुजवू नका, पाणी गोठेल.

दूरच्या खोलीसाठी जवळच्या जाळ्या बंद करणं हा लाडका उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. हवा कोंडली की फर्नेस तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. परतीच्या हवेच्या जाळीसमोर बूटही नकोत.

बॅटरी उतरली असेल तर पंखाच मंद फिरतो, तेही बघा.