तविलच्या तालाला हवा आधार

तामिळनाडूतील कुंभकोणमजवळचे नाचियारकोविल हे गाव तेथील ओतीव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. गावातील विष्णुमंदिरात दगडी गरुड आहे. उत्सवात तो बाहेर निघतो तेव्हा पावलागणिक जड होतो आणि चार खांदेकऱ्यांचे आठ, सोळा करत अखेर चौसष्ट लागतात, अशी श्रद्धा आहे. अशा उत्सवांचा प्राण म्हणजे नागस्वरम आणि तविल. राघव पिळ्ळै हे विसाव्या शतकातील नामवंत तविलवादक याच गावचे. त्यांच्या नावाआधी आजही गावाचे नाव लावले जाते.

तविल शिकणे सोपे नाही. फणसाच्या लाकडाच्या या जड वाद्याची एक बाजू काठीने, तर दुसरी बोटांवर कडक टोप्या चढवून वाजवतात. पूर्वी मुलगा गुरूच्या घरीच राहत असे. पहाटे रियाज, दिवसा घरकाम आणि उत्सवात गुरूमागे बसून साथ, अशी वर्षे जात. आज प्रश्न पडतो तो इथेच. इतकी वर्षे मुलाने कमवायचे नाही, तर घर चालायचे कसे? या वादकांची मिळकत मुख्यतः देवळे आणि लग्ने यांवर अवलंबून. आडी आणि मार्गळी या महिन्यांत लग्ने नसतात, तेव्हा चूलही मंदावते. मग बापच मुलाला म्हणतो, ‘दुसरे काही तरी शिक.’

तंजावरचा धडा

या भागावर भोसले घराण्याने सुमारे पावणेदोनशे वर्षे राज्य केले. दुसरे सरफोजीराजे यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. नृत्य शिकवणाऱ्या परंपरागत घराण्यातील या भावांना मुत्तुस्वामी दीक्षितरांसारखा गुरू लाभला. भरतनाट्यमच्या मैफलीचा आजचा क्रम त्यांनीच घालून दिला. राजाश्रय आणि गुरू दोन्ही मिळाले की काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही हाच अनुभव आला. 1871 मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांना आपली संस्था वाचवण्यासाठी गावोगाव गात फिरावे लागले होते. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस डेट्रॉइट भागात सुरू झालेली स्फिंक्स ही संस्था कृष्णवर्णीय व लॅटिनो तंतुवादकांना स्पर्धा, शिष्यवृत्ती आणि ज्येष्ठांचे मार्गदर्शन देते.

आपल्याकडे काय आहे?

तामिळनाडूत जिल्हा पातळीवरील सरकारी संगीत शाळांतून नागस्वरम व तविल शिकवले जाते. तिरुवैयारूला सरकारी संगीत महाविद्यालय आहे. केंद्र सरकारच्या योजना तर देशभरातील मुलांसाठी आहेत. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्रातर्फे 10 ते 14 वर्षांच्या गुणी मुलांना शिष्यवृत्ती मिळते. त्यात परंपरागत कलावंतांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात. 18 ते 25 वयाच्या तरुण कलावंतांना दोन वर्षे दरमहा 5,000 रुपयांची, तर 25 ते 40 वयोगटासाठी दरमहा 10,000 रुपयांची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आहे.

अडचण असते ती माहितीची. अर्ज, दाखले, मुदत हे सारे शहरी घरांना जमते. देवळाच्या ओट्यावर शिकणाऱ्या मुलाला ते सांगणारे कोणी नसते. शिवाय पाच हजारांत घर चालत नाही. म्हणून पैशाइतकीच गरज आहे ती मुलाचा हात धरणाऱ्या गुरूची, आणि त्याचा अर्ज भरून देणाऱ्या शिक्षकाची.

हे केवळ तामिळनाडूपुरते नाही. आपल्याकडील सनई-चौघडा आणि पखवाजाच्या घरांतही हीच चिंता आहे. तुमच्या ओळखीत असे एखादे मूल असेल, तर या योजनांची माहिती त्याच्या घरी अवश्य पोहोचवा. एका अर्जाने एका घराची विद्या आणखी एक पिढी टिकू शकते.