‘वीस फूट तर गेलो होतो!’

मालवण-तारकर्लीहून परतलेल्या माणसाला बरं वाटत नसेल, तर घरात निदान तयारच असतं. ऊन लागलं. बोट लागली. पित्त झालं. कुणी चुकून ‘स्कूबामुळे तर नाही ना?’ असं विचारलंच, तर ते उडवून लावायला खुद्द आजारी माणूसच पुढे असतो: ‘छे, वीस फूट तर गेलो होतो!’ जणू समुद्राचा त्रास पन्नास फुटांनंतरच सुरू होतो.

हा समज आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली पाणबुड्यांसाठी पहिली शास्त्रशुद्ध कोष्टकं मांडली. शरीरावरचा दाब एका झटक्यात निम्म्यावर आला तरी बाधत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे दहा-बारा मीटरपर्यंत बिनघोर! पुढे हा आकडा सैल निघाला. शिवाय हाल्डेनचा हिशेब एकाच आजाराचा होता, बेंड्सचा. खोलीवरच्या दाबामुळे रक्तात आणि ऊतींमध्ये नायट्रोजन विरघळतो आणि भरभर वर आलं की त्याचे बुडबुडे होतात, तो हा आजार. त्यात खोली आणि वेळ दोन्ही मोजायचे असतात. वीस फुटांवर पंधरा-वीस मिनिटं राहून बेंड्स होणं जवळजवळ अशक्य, हे खरं. तेवढ्यापुरते आपले पर्यटक बरोबर आहेत.

चुकतात ते फुप्फुसांच्या बाबतीत. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३, तीसवर ४. आता उलटं या. तीसवरून वीसवर आलात तर छातीतली हवा एक-तृतीयांशानं फुगते, वीसवरून दहावर आलात तर दीडपट होते, आणि दहावरून वर आलात तर थेट दुप्पट. सगळ्यात मोठी उडी शेवटच्या दहा मीटरमध्ये आहे, नेमकी तिथे, जिथे हे ‘वीस फूटवाले’ फिरत असतात. सहा मीटरवर म्हणजे वीस फुटांवर कुणी टाकीतून सहा लिटर हवा छातीत भरून घेतली, आणि मास्कमध्ये पाणी शिरल्यानं घाबरून, श्वास कोंडून तो वर सुटला, तर त्या हवेला पृष्ठभागावर साडेनऊ लिटर जागा हवी. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांची एकूण क्षमताच साधारण सहा लिटर. बाकीची कुठे जाणार? फाडून बाहेर पडणार. छाती पूर्ण भरलेली असेल तर त्यासाठी चार फूट पाणीही पुरतं, म्हणजे पोहण्याच्या तलावाचं उथळ टोक.

विहिरीत मुटका मारणारी पोरं श्वास रोखूनच खाली जातात, त्यांना काही होत नाही, असं यावर लगेच कुणीतरी म्हणतं. होणारच नाही. त्यांनी हवा वर भरून घेतलेली असते. खाली ती आकसते आणि वर येताना मूळ मापावर येते. खाली दाबाखालची हवा छातीत घेतली की सगळं गणित फिरतं. ‘श्वास रोखू नका’ हे इन्स्ट्रक्टर बोटीवर दहादा बजावतो ते याचसाठी, पण तेव्हा निम्मी मंडळी सेल्फी काढत असतात.

फाटलेल्या फुप्फुसातली हवा मानेखाली आली तर आवाज बदलतो आणि कातडी दाबल्यावर चुरचुरते. रक्तात शिरून मेंदूकडे गेली तर वर आल्यापासून दहाएक मिनिटांच्या आतच माणूस बेशुद्ध पडतो, बोलताना अडखळतो, एक बाजू लुळी पडते. दिसायला अगदी पक्षाघात. थोड्या वेळानं तो सावरतोही, मग सगळे म्हणतात, ‘बघा, चक्कर होती.’ त्यानंतर तो पुन्हा ढासळू शकतो. आपोआप बरं वाटलं म्हणून दवाखाना टाळायचा, हा या विषयातला दुसरा मोठा गाढवपणा.

नेत्राणी किंवा अंदमानला दिवसाला तीन-तीन डाइव्ह करणाऱ्या, सर्टिफिकेट असलेल्या मंडळींची सबब वेगळी: ‘कॉम्प्युटरनं सगळं ठीक दाखवलं होतं.’ हा डाइव्ह कॉम्प्युटर खोली आणि वेळ मोजतो. तुम्ही पाणी किती कमी प्यायलात, हे त्याला ठाऊक नसतं. जवळपास एक-चतुर्थांश लोकांमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधली जन्माआधीची फट पूर्ण बुजलेली नसते. तुम्ही त्यांतले आहात का, हेही तो सांगत नाही. मर्यादा पाळूनही बेंड्स होतात. आणि ते पाण्यातच जाणवतील असंही नाही. अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलनुसार ४२ टक्के रुग्णांत लक्षणं पहिल्या तासात दिसतात, आठ तासांपर्यंत ८३ टक्क्यांत आणि २४ तासांपर्यंत ९८ टक्क्यांत. म्हणजे रात्री जेवताना खांदा ठणकायला लागला तर सकाळच्या डाइव्हची आठवण काढायलाच हवी.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? डाइव्हनंतरच्या चोवीस तासांत हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, चालताना झोक जाणं, लघवी तुंबणं, धूसर दिसणं, छातीत दुखणं, धाप, खोकल्यातून रक्त किंवा गुलाबी फेस, कातडीवर निळसर-लाल जाळी, खांद्यात किंवा गुडघ्यात खोलवर ठणका, न पेलणारा थकवा. यांतलं एकही असेल तर त्याच घटकेला. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं झोपवा आणि बोटीवरचा शंभर टक्के ऑक्सिजन मास्कनं लावा. डोकं खाली आणि पाय वर करण्याचा जुना सल्ला आता कुणी देत नाही. ऑक्सिजननं बरं वाटलं तरी उपचार संपत नाहीत. खरा उपचार रीकम्प्रेशन चेंबरमध्ये होतो. तिथे रुग्णाला अठरा मीटर खोलीइतक्या दाबाखाली ठेवून ऑक्सिजन देतात आणि नेहमीचं एक सत्र पावणेपाच तासांचं असतं. या विषयातलं जाणकार केंद्र म्हणजे कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयातली इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या +१-९१९-६८४-९१११ या क्रमांकावर केव्हाही सल्ला मिळतो, आणि तो तुमच्या डॉक्टरलाही घेता येतो.

आणि केस पेपरवर पहिलं वाक्य हेच आलं पाहिजे: ‘डाइव्ह करून आलोय.’ किती खोल, किती वेळ, वर किती वाजता आलो. हे सांगितलं नाही तर ड्युटीवरचा डॉक्टर मणक्याचा एमआरआय काढत बसेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

बाकीचे समज झटपट. टाकीत ऑक्सिजन नसतो, बातम्यांत कितीही छापून आलं तरी. असते ती आपली साधी हवाच, दाबून भरलेली. मास्कमध्ये थोडं रक्त दिसलं तर ते बहुधा सायनसचं, जीवघेणं नव्हे. कानात दडे बसणं हा सगळ्यात जास्त आढळणारा त्रास, पण ऐकू कमी येऊन गरगरायला लागलं तर त्याच दिवशी कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठा. त्रास झालेल्याला ‘पुन्हा खाली नेलं की गॅस दबतो’ असं काही जुने लोक सांगतात. चेंबरचं काम समुद्रात करायला जाणं म्हणजे बेशुद्ध होऊ शकणाऱ्या माणसाला पाण्याखाली नेणं. ब्रँडीनं काही होत नाही, आणि वेदनाशामक गोळीनं लक्षणं तेवढी झाकली जातात.

उरला प्रवास. एका डाइव्हनंतर विमानासाठी किमान बारा तास, अनेक डाइव्ह केल्या असतील तर अठरा तास थांबा, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क सांगतं. कारण केबिनमधला दाब आठ हजार फूट उंचीइतका कमी असू शकतो. हाच नियम दोन हजार फुटांवरच्या घाटांनाही लागतो, आणि आंबोली त्याहून थोडी उंचच आहे. वीस फूट जाऊन आलेल्यानं आंबोलीची धास्ती घ्यायचं कारण नाही. पण दोन दिवस खोल डाइव्ह करून संध्याकाळीच घाट चढणाऱ्यांनी मुक्काम एका रात्रीनं वाढवावा.