मध गुणकारी, पण तान्ह्या बाळाला नको

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानवर खजुराशेजारी अनेक घरांत मधाची बाटली दिसते. तो मध सातपुड्याच्या जंगलातला असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचे विशेष अप्रूप.

कुरआन शरीफच्या सोळाव्या सूरहचे नावच ‘अन-नहल’, म्हणजे मधमाशी. मधात माणसांसाठी शिफा, म्हणजे आरोग्य आहे, असे त्यात सांगितले आहे. आपले वैद्यही चूर्ण मधात कालवून चाटवतात. सोबतच्या औषधाचा गुण वाढवतो, म्हणून आयुर्वेद मधाला ‘योगवाही’ म्हणतो.

विज्ञानानेही हे तपासले आहे. मधात साखर भरपूर, पाणी कमी आणि थोडी आम्लता असते. त्यामुळे जखमेतल्या जंतूंची वाढ रोखली जाते. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला. मध लावलेल्या जखमांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या होत्या. आता जखमेसाठी खास निर्जंतुक केलेला मध मिळतो. घरातला मध मात्र भाजलेल्या जागी लावू नये. मधुमेहींनीही तो साखरेइतकाच जपून घ्यावा.

सर्वांत मोठी काळजी तान्ह्या बाळाची. जन्मलेल्या बाळाच्या जिभेला मध लावण्याची रीत हिंदू घरांत आहे, तशी मुस्लिम घरांतही आहे. तहनीक मूळची खजुराची, पण खजुराऐवजी मधही चाटवला जातो. या रीतीमागे माया असते, यात शंका नाही. पण मधात कधी कधी बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत. बाळाच्या कोवळ्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात. बाळ मलूल होते, दूध ओढत नाही, श्वासही अडतो. घरी मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचे बोटही नको, असे डॉक्टर सांगतात. वर्षानंतर खोकल्याला झोपताना अर्धा चमचा मध खुशाल द्यावा.

दुर्गम पाड्यांवरून दवाखाना गाठायला वेळ लागतो, तिथे ही खबरदारी अधिकच मोलाची. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध हवे. आईने दोन वर्षे दूध पाजण्याविषयी कुरआनातही सांगितले आहे. शेजारी बाळंतीण असेल, तर ईदच्या शिरखुर्म्यासोबत एवढा निरोपही जरूर पोहोचवा.