छतातला एसी गळतो तेव्हा

भजनाला रंग चढलेला असतो आणि वरून पखवाजाच्या शाईवर थेंब पडतो. शाई भिजली की सूर गेला. मग कोणीतरी म्हणतो, "गॅस गेला असणार." बहुतेक वेळा दोष गॅसचा नसतो, पाण्याचा असतो.

सभागृहांच्या फॉल्स सिलिंगमध्ये आता चौकोनी कॅसेट एसी दिसतात. लाटंबार्से काय, डिचोली-पेडण्यातले दुसरे कुठले गाव काय, जून ते सप्टेंबर आपली हवाच ओली असते. गारवा देण्याइतकेच हवेतले पाणी काढण्याचे काम या यंत्राला करावे लागते.

पाणी जाते कुठे?

कॅसेट मधल्या जाळीतून हवा ओढतो, फिल्टरमधून गाळून थंड कॉइलवरून नेतो आणि कडेच्या फटींतून सोडतो. कॉइलवर जमलेले पाणी खालच्या ट्रेमध्ये पडते. भिंतीवरच्या एसीचे पाणी उताराने बाहेर जाते. कॅसेटमध्ये मात्र छोटा पंप ते आधी वर उचलतो, मग पाईपने बाहेर सोडतो. धूळ आणि ओलावा मिळून ट्रेमध्ये चिकट गाळ होतो. तो पंपात किंवा पाईपमध्ये अडकला की पाणी तुंबते.

थेंब कुठून पडतो ते पाहा

- जाळीतून सतत पाणी पडते, पण बाहेरच्या पाईपमधून काहीच येत नाही: ट्रे, पंप किंवा पाईप तुंबला आहे. पाणी वाढल्यावर यंत्र स्वतःच थंड करणे थांबवते आणि दिवा लुकलुकतो. रिमोट दाबून पुन्हा पुन्हा सुरू करू नका.
- वारा मंद येतो आणि एसी बंद केल्यावर पाणी ओघळते: फिल्टर मळल्याने कॉइलवर बर्फ धरला आहे. फक्त पंखा चालू ठेवून बर्फ वितळू द्या, खरवडू नका.
- हवा येते त्या पट्ट्यांना घाम सुटतो: बाहेर पाऊस, दारे उघडी आणि रिमोटवर 18 अंश, असे असेल तर हा बिघाड नव्हे. दारे लावा, 24 किंवा 25 अंश ठेवा.
- एसीपासून लांब सिलिंगवर डाग पडतो: पाईपचे वेष्टन फाटले असेल किंवा छतच गळत असेल.

फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ धरत असेल तर गॅस कमी असू शकतो. पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती शोधून बंद केल्याशिवाय नुसता गॅस भरून घेऊ नका. पैसे वाया जातात.

आपण काय करावे, काय करू नये

वापर असताना दर पंधरवड्याला फिल्टर धुवावा. उन्हाळ्यात तांबडी धूळ असते तेव्हा त्याहून लवकर. आधी एमसीबी बंद करा, शिडी धरायला दुसरा माणूस ठेवा. फिल्टर साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवूनच बसवा. कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास फक्त पंखा चालवा. कॉइल सुकते आणि कुबट वास येत नाही.

ट्रे, पंप आणि कॉइलची सफाई मेकॅनिककडून वर्षातून दोनदा करून घ्यावी: एकदा मे महिन्यात, एकदा पाऊस सरल्यावर. बाहेरच्या युनिटचे झाकण आपण उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज उरू शकते. जळका वास आला किंवा पाणी दिव्याच्या वायरीजवळ पोचले तर आधी एमसीबी पाडा, खालची माणसे आणि वाद्ये हलवा, मग फोन करा.

आणखी एक. बहुतेक कॅसेट आतलीच हवा फिरवतात. सभागृह भरलेले असेल तर मध्यंतरात एसी बंद करून दारे-खिडक्या थोडा वेळ उघडा. लहान मुलांना आणि वडीलधाऱ्यांना त्याची जास्त गरज असते.

एसीच्या स्विचजवळ एक वही टांगून ठेवावी. फिल्टर कधी धुतला, थेंब कुठे पडला, मेकॅनिकने काय केले, हे तारखेसह लिहावे. पुढच्या वेळी अंदाजाने गॅस भरला जाणार नाही.